बाबांची मॅग्नम आणि मुलीची पहिली रायफल

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा सीझन उघडतो आणि नऊ दिवस चालतो. पाच लाखांहून जास्त लोक भडक नारिंगी जॅकेटं घालून रानात शिरतात. त्या आधीचा आठवडा आमच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीची दादरची फुलगल्ली.

मी मूळचा कुडाळकडचा. आजोबांकडे पीक संरक्षणाचा परवाना आणि बारा बोअरची बंदूक होती, रात्री भातात शिरणाऱ्या डुकरांसाठी. रायफलचं शास्त्र मात्र मी इथं वॉसॉजवळ, काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून शिकलो. भारतातल्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हा विषयच संपला. इथं व्हाइटटेल जातीची हरणं अमाप, लांडगे मोजके आणि सगळीकडे मक्याची शेतं, त्यामुळे सरकारच परवाने विकतं.

अशाच एका संध्याकाळी एक गृहस्थ तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी शिडशिडीत, हंटर सेफ्टीचा कोर्स नुकताच पास झालेली. बापाचं सगळं ठरलेलं होतं. "३०-०६ दाखवा. माझ्या वडिलांनी मला तीच दिली होती. मोठी झाली तरी बदलावी लागायची नाही." ३०-०६ काय किंवा पुढे येणारे असले आकडे काय, ही काडतुसांची नावं, आणि रायफलही त्याच नावानं ओळखली जाते. स्वतःसाठी त्यांनी एल्कच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या हरणाच्या, शिकारीकरता ३०० विनचेस्टर मॅग्नम हे जास्त जोरकस काडतूस मारणारी रायफल घेतली होती आणि आता हरणांनाही तीच वापरत होते. त्या रायफलीवरची दुर्बीण तपासायची म्हणून ती बरोबरच आणली होती.

मी आधी विचारलं, मारायचं कुठून? अल्फाल्फाच्या (चाऱ्याच्या पिकाच्या) शेताच्या कडेला मचाण, जास्तीत जास्त २५० यार्ड. म्हणजे साधारण २३० मीटर.

या अंतराला ३०-०६ वाईट नाही. १९०६ सालचं काडतूस आहे, त्यानं किती हरणं पडली असतील याचा हिशेब नाही. पण हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठ-दहा इंचांची असते. तिथं आत गेल्यावर बरी फुलणारी गोळी लागली तर हरणाला ती २४३ या हलक्या काडतुसाची की ३०० मॅग्नमची, काही फरक पडत नाही. फरक पडतो तो मारणाऱ्याच्या खांद्याला, कारण बार होताना रायफल मागे धक्का देते. आठ पौंडांच्या रायफलीत २४३ चा धक्का नऊ-दहा फूट-पौंडांचा, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ चा बाराच्या आसपास, ३०-०६ चा वीसच्या घरात आणि ३०० मॅग्नमचा पंचविसाच्याही वर. गिऱ्हाइकं मात्र हरणाच्या बाजूचेच आकडे विचारतात.

हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही. दुकानामागे आमची १०० यार्डांची रेंज आहे आणि मारून बघायला ठेवलेल्या काही रायफली. मुलीला ३०-०६ दिली. मॅगझिन मीच भरलं, तिला न दाखवता, आणि खऱ्या काडतुसांमध्ये एक नकली, बार न होणारं घातलं. धक्का नसतानाही नळी हलली, तर माणूस धक्क्याच्या भीतीनं आधीच दचकतोय हे कळतं. पहिला बार झाला. दुसऱ्याला चाप ओढला तर नुसता 'खट्' आवाज, पण नळी तीन बोटं खाली गेली, डोळे घट्ट मिटलेले.

"घाबरतेस कशाला?" बाप म्हणाला.

"डॅड, आता तू मार."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मॅग्नमचंही मॅगझिन मीच भरलं. दोन बार झाले, कागदावर भोकं बरी होती. तिसऱ्याला खट्. एवढा धिप्पाड माणूस, पण नळीनं असा गचका खाल्ला की नळीखालची टेकणाची पिशवी टेबलावरून खाली पडली. मुलगी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. ते बराच वेळ बोल्टशी चाळा करत होते, मग एकदम मोठ्यानं हसले.

मग त्यांनी सुचवलं, नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे बाराचा वायू बाजूला सोडणारा तुकडा, लावू, धक्का कमी होईल. होतो, पण आवाज भयंकर वाढतो. रेंजवर आपण कानांवर मफ लावतो, मचाणावर बरेच जण लावत नाहीत, आणि माणूस धक्क्याइतकाच आवाजालाही दचकतो. मी नको म्हणालो.

माझा कल ७ मिमी-०८ कडे होता. ३०८ या जुन्या काडतुसाचीच पुंगळी, तोंड आवळून केलेली, १९८० पासून बाजारात. २४३ सुद्धा त्याच पुंगळीतून आलेलं आणि धक्क्याला आणखी सौम्य, पण त्याची गोळी जेमतेम १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅम. हरीण आडवं उभं असेल तर पुरते. तिरकं असेल आणि मध्ये खांद्याचं हाड आलं तर नवशिक्याला मला थोडी सवलत हवी असते. बापानं मात्र शेल्फकडे बोट दाखवलं. ७ मिमी-०८ चे दोनच खोके होते, ६.५ क्रीडमूरची अख्खी रांग. २०२०-२१ ची काडतुसांची टंचाई त्यांच्या लक्षात होती, माझ्याही. तिथं मी वाद घातला नाही. जे काडतूस सरावाला मिळत नाही ते कागदावर कितीही चांगलं असो.

क्रीडमूरवर मुलीचे पहिले बार सैल गेले, मग हात बसला. नंतर नकली काडतूस आलं तेव्हा नळी जागची हलली नाही. तिनंच मागे वळून विचारलं, "हे खोटं होतं ना?"

गोळी निवडतानाही तिनंच प्रश्न काढला: शिशाचे तुकडे मांसात राहतात का? राहतात. गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटानं फूड पँट्रींना (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रांना) दान आलेलं हरणाचं मांस टाकून द्यायला सांगितलं होतं ते याचमुळे. त्यांच्या घरी वर्षभर हेच मांस खातात, म्हणून अख्ख्या तांब्याची १२० ग्रेनची गोळी घेतली. महाग पडते. २०० यार्डांवर नेम बसवला तर ३०० ला ती सात-आठ इंच खाली जाते, म्हणजे त्यांच्या शेतात हिशेब करायचं कारणच नाही. आणखी दोन खोके सरावाला घ्या म्हटलं, तेही घेतले.

बंदूक विकत घेताना भरायचा सरकारी फॉर्म ४४७३ वडिलांनी भरला. अठराच्या आतल्या मुलीला रायफल विकता येत नाही, पण बाप घेऊन भेट देऊ शकतो. खरेदीदाराच्या पार्श्वभूमीच्या तपासणीचा होकार येईपर्यंत मुलगी दुर्बिणींच्या कपाटाकडे गेली होती. तेवढ्यात ते काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, ३०० मध्ये कमी धक्क्याची काडतुसं मिळतात का हो?

मिळतात. त्या आठवड्यात आमच्याकडची संपली होती.