रजईवरून मोजलेला श्वास

ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पारा चार-पाच डिग्रीवर उतरतो, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, आणि लष्कर ह्या जुन्या भागातल्या इमारतींत बाहेरपेक्षा आत जास्त गारठा असतो. आमचा सर्जिकल वॉर्ड अशाच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. ऑक्सिजन असल्यामुळे ब्लोअर लावायला बंदी, म्हणून पेशंट घरून रजया घेऊन येतात. चांगल्या तीन-चार किलो कापसाच्या. राउंडला गेलं की पेशंट दिसतच नाही, दिसते कानटोपी.

सांगायचं आहे ते नऊ नंबरच्या काकांबद्दल. वय ७१, बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झालेले, लष्करातलंच मराठी घर. डायबिटीस, ब्लडप्रेशर, रोजची मेटोप्रोलॉल. आदल्या दिवशी दुर्बिणीतून मूत्रनलिकेतला खडा काढून (यूआरएस) स्टेंट टाकलेला. अशा केसेस आम्ही आठवड्याला पाच-सहा करतो, तिसऱ्या दिवशी पेशंट घरी. सकाळच्या राउंडला सर 'बढिया' म्हणून पुढे गेले होते.

मी नाइट सुपरवायझर. रात्री आठला हँडओव्हर होतो, तेव्हा वॉर्डात २४ खाटांना दोन सिस्टर. त्यातली एक नवी, भिंडकडची मुलगी, सहा महिन्यांची नोकरी. त्या रात्री आठलाच एक अपघाताचा पेशंट वर आला आणि दोघी त्यात अडकल्या, म्हणून एक ते बारा नंबरचे व्हायटल्स मीच घेतले. नऊ नंबरला बीपी १०६/६४, पल्स ९६, टेंपरेचर ९६.८. ऑक्सीमीटर बोटाला लावला तर आकडा येईना. बोटं बर्फ. त्या वॉर्डात जानेवारीत कोणाची बोटं बर्फ नसतात? मी चार्टवर रेघ मारली आणि शेजारी 'बोटं थंड' असं लिहिलं. श्वास लिहिला २०.

काकू बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, ह्यांचं काहीतरी बिनसलंय हो. दुपारपासून हे ह्यांच्यासारखे वाटत नाहीयेत."

"काकू, ऑपरेशनचा थकवा असतो, त्यात ही थंडी," असं म्हणून मी रजईची कड काकांच्या पायाखाली नीट खोचली आणि दहा नंबरकडे वळले.

पावणेदहाला ती भिंडची मुलगी माझ्याकडे आली. "दीदी, नौ नंबर पे मशीन नहीं पकड़ रही. तीसरी लगा के देख ली, तीनों खराब हैं क्या?" आमच्याकडची यंत्रं खराब असणं ही नवलाची गोष्ट नाही. पण तिन्ही एका वेळी, आणि एकाच पेशंटवर? मी उठले.

काका बोलत होते. मराठीत, हळू आवाजात, सलग. मुलगी म्हणाली, "अंकल तो शाम से आंटी से बातें कर रहे हैं, होश में हैं." तिने संध्याकाळच्या नोंदीत तसं लिहिलंही होतं, पूर्ण शुद्धीवर म्हणून. तिची चूक तरी कशी म्हणू? तिला मराठीचा एक शब्द येत नाही. तिच्या दृष्टीने म्हातारे नवरा-बायको आपल्या भाषेत बोलत होते. काकूंना कमी ऐकू येतं, त्यांना वाटलं झोपेत पुटपुटतायत. मी कान जवळ नेला. काका म्हणत होते, "बावीस रुपयांचा फरक येतोय. तिजोरी लावू नका. बावीस रुपये सापडल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही."

सकाळी ह्याच माणसाने मला दाण्याच्या कुटात साखर घालावी की गूळ ह्यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं होतं. पेशंट दिवसभर स्टाफशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होता, आणि आता त्या हिंदी मुलीशीसुद्धा मराठीतच बोलत होता. समोर कोण आहे हेच त्याला उमगत नव्हतं.

मग मी रजई काढली. आठ वाजता काढली नव्हती.

दोन्ही गुडघ्यांवर निळसर जांभळी जाळी होती, मांडीकडे चढत चाललेली. ओल्या संगमरवरावर असते तशी. थंडीने कातडी अशी होऊ शकते, पण जाड रजईच्या आत, दोन तास पांघरून पडलेल्या माणसाच्या गुडघ्यांवर? थंड बोटांवर दाबून बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून छातीच्या मधल्या हाडावर अंगठ्याने पाच सेकंद दाबून सोडलं. पांढरा ठिपका तीन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. मी पाच मोजले तरी पांढराच.

मग श्वास मोजला. हे काम मी शिकाऊ मुलींना स्वतः शिकवते, आणि त्या मला त्यासाठी खडूस म्हणतात. मनगट धरायचं, म्हणजे पेशंटला वाटतं नाडी बघतायत. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. त्याचा हात त्याच्याच पोटावर ठेवून पोटाचं वर-खाली होणं बघायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण एका श्वासाची चूक चार होऊन बसते. मी मोजला. २८.

जगातल्या कुठल्याही वॉर्डचा चार्ट उघडा, श्वासाच्या रकान्यात १८, २०, १८, २० अशी सुंदर रांगोळी दिसेल. नाडी, बीपी, ताप ह्यांना यंत्र आहे. श्वासाला एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि ते मिनिट कोणाकडे नसतं. गंमत म्हणजे बिघडणाऱ्या पेशंटमध्ये सगळ्यात आधी बहुधा हाच आकडा हलतो. आमच्याकडे रंगीत न्यूज चार्ट आहे, प्रत्येक आकड्याला गुण देऊन पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणला आणि २०१७ साली सुधारला तोच. आमच्याकडे तो ॲक्रेडिटेशनसाठी आला. इन्स्पेक्शनच्या आधीच्या आठवड्यात आख्ख्या हॉस्पिटलचा श्वास मोजला जातो.

बाकीचं भराभर घेतलं. बीपी हातानेच बघितलं, ९८/५६. ह्या माणसाचं घरचं बीपी १५०, म्हणजे ९८ हा आकडा जितका दिसतो त्याहून वाईट. पल्स १०४, आणि तीही मेटोप्रोलॉल चालू असताना. ते औषध नाडीला फारसं वर जाऊ देत नाही. टेंपरेचर ९६.४. ताप नाही म्हणून इन्फेक्शन नाही असं समजणारे डॉक्टर मी वीस वर्षं बघतेय. म्हाताऱ्या माणसात उलटं गार पडणं जास्त घाबरवणारं असतं. ऑक्सीमीटर कानाच्या पाळीला लावला, पाळी चोळून गरम केल्यावर ९३ आला. शुगर २१२, म्हणजे ही बडबड शुगर उतरल्याची नव्हती. युरोबॅग सहाला रिकामी केली होती. चार तासांत ६० मिली, चहासारखी गडद. ६४ किलोच्या माणसाला तेवढ्या वेळात निदान सव्वाशे व्हायला हवी. न्यूजची बेरीज केली तर १२ आली. सात किंवा त्याच्या वर गेलं की इमर्जन्सी.

ड्यूटी डॉक्टर मुलगा वाईट नाही. नीट-पीजी परीक्षेची तयारी करतो, एक डोळा कायम पुस्तकात. पण 'सर, पेशंट ठीक नहीं लग रहा' म्हटलं की 'आता हूँ' म्हणतो आणि ते 'आता' अर्धा तास येत नाही. म्हणून मी फोनवर आकडेच सांगते. "सर, नौ नंबर, यूआरएस के बाद पहला दिन. साँस अट्ठाईस, बीपी अट्ठानवे, बहकी बातें, घुटने मॉटल्ड, न्यूज बारह. सेप्सिस लग रहा है, अभी आइए." सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनने अख्खं शरीर बिघडून अवयव बंद पडायला लागणं. मुलगा पाच मिनिटांत आला. त्याने सर्जनना फोन लावला. तिकडून उत्तर, ऑपरेशननंतर थोडी थंडी वाजतेच, पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघतो. मी हात पुढे करून फोन मागितला आणि तेच आकडे परत म्हटले. पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "आईसीयू में बात करो, मैं निकल रहा हूँ." ते आले तेव्हा धुक्यात गाडी चालवून आले होते, हेही लिहायला हवं.

खरी झुंज मात्र अँटिबायोटिकची. पेशंट आधीच सेफ्ट्रायॅक्सोनवर होता, ते चालत नव्हतं हे उघड होतं. त्याहून जोरकस मेरोपेनेम वॉर्डच्या स्टॉकमध्ये नाही. आमच्याकडचा रस्ता असा: कॉम्प्युटरवर इंडेंट म्हणजे मागणी, खाली फार्मसी, कॅशलेसची परवानगी नसेल तर नातेवाइकाने पैसे भरायचे, मग बिल, मग वॉर्डबॉय. रात्री दहाला ह्याला पाऊण तास लागतो. काकूंच्या कनवटीला किती पैसे असणार? मुलगा बंगलोरला. मी आयसीयूच्या सिस्टरला सांगितलं, एक ग्रॅम उधार दे, सकाळी परत करते. ती माझ्याच बॅचची, तिने कपाट उघडलं. स्टोअरवाल्याने नंतर त्यावर लेखी खुलासा मागितला, तो मी दिलाय.

तोवर भिंडच्या मुलीने दोन्ही हातांतून जंतू शोधायला रक्ताचं कल्चर घेतलं होतं, दोन सेट, अँटिबायोटिकच्या आधी. हात थरथरत होते तिचे, पण बाटलीचं रबर स्पिरिटने पुसायला विसरली नाही. जाड कॅन्युला कोपराखाली लावला, आरएल सलाइन सुरू. वजनाच्या दर किलोला ३० मिलीच्या हिशेबाने दोन लिटर होतात. ते तीन तासांत बसवायचे होते आणि दर पाचशेनंतर छाती ऐकायची होती. मेरोपेनेमची पहिली मात्रा १० वाजून ३० मिनिटांनी गेली. आयसीयूच्या मशीनवर लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्त पुरत नसल्याची खूण, ५.१. अकरापर्यंत बीपी ८२/४४, मग बीपी वर खेचणारं नॉरअॅड त्याच हातातल्या कॅन्युलातून सुरू केलं. मोठ्या शिरेत टाकायच्या सेंट्रल लाइनची वाट बघितली नाही. सव्वाअकराला काका आयसीयूत गेले. ट्रॉलीवरून जातानाही त्यांचे बावीस रुपये सापडत नव्हते.

नऊ पन्नास ते साडेदहा. चाळीस मिनिटं. ही वेळ मी कोणालाही छाती पुढे काढून दाखवीन. शॉकमधल्या सेप्सिसला तासाभरात अँटिबायोटिक द्यावं असं जगभरचे डॉक्टर म्हणतात, आम्ही ते लष्करातल्या एका साध्या वॉर्डात, रात्री, उधारीवर केलं.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत फाइल चाळताना आठ वाजताची ओळ दिसली. श्वास २०. अक्षर माझंच, शून्याला शेपूट काढायची माझी सवय आहे. मी तो मोजला नव्हता. रजईवरून मोजता येतच नाही, ती तीन किलोची रजई हलतसुद्धा नाही. वीस वर्षं ज्या आकड्यासाठी मी मुलींना उभं-आडवं घेते, तो आकडा मी चालता चालता लिहिला होता. मग मी बसून बेरीज केली. माझ्या आकड्यांनी आठ वाजता न्यूज येतो ३: बीपीचा एक, नाडीचा एक, टेंपरेचरचा एक. ३ म्हणजे 'लक्ष ठेवा'. तेव्हा श्वास २२ जरी असता आणि मी मोजला असता, तरी ५. ५ म्हणजे डॉक्टरला बोलवा. आणि काकांशी मराठीत दोन वाक्यं बोलले असते तर आणखी ३. वॉर्डात मराठी कळणारी मी एकटी होते. काकू मला सांगत होत्या, आणि मी रजई खोचत होते.

इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' आणला आहे. घरच्यांना वाटलं पेशंट बिघडतोय, तर ते वॉर्डच्या डोक्यावरून थेट दुसऱ्या टीमला बोलवू शकतात. आमच्या ट्रेनिंगमध्ये ह्यावर एक स्लाइड होती. त्या स्लाइडला मीही हसले होते. आमच्याकडे हे केलं तर प्रत्येक खाटेमागे सहा नातेवाईक, फोन बंदच होणार नाही, असं काहीतरी मी तेव्हा बोलले.

चार्टवरची ओळ मी बदलली नाही. बदलता आली असती, पेन निळाच होता. रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळं बोलणं त्या भिंडच्या मुलीच्या 'पूर्ण शुद्धीवर' ह्या नोंदीवर झालं. तेव्हा मी आठच्या नोंदीबद्दल सांगितलं. मेडिकल सुपरिंटेंडेंट म्हणाले, "अरे सिस्टर, आप ने तो पकड़ा है," आणि पुढच्या विषयावर गेले. मुलगी माझ्याकडे बघत होती. हल्ली ती रजई काढून श्वास मोजते, पेशंट कुरकुरतात.

कल्चर दोन दिवसांनी आलं: ई. कोलाय, सेफ्ट्रायॅक्सोनला दाद न देणारा. काका तीन दिवस नॉरअॅडवर, नऊ दिवस आयसीयूत होते. किडनीचं क्रिएटिनिन ३.४ पर्यंत चढलं आणि डायलिसिस न लागता उतरलं. उजव्या पायाच्या दोन बोटांची टोकं काळी पडलीत, ती राहतील की जातील ते सर्जन अजून सांगत नाहीत.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी काकू वॉर्डात आल्या. डबा भरून तिळगूळ, आणि सगळ्यांना हळदीकुंकू. भिंडच्या मुलीला हे काय चाललंय ते कळेना, तिने घाबरून पदर नसताना ओढणी पुढे घेतली. माझ्या कपाळाला कुंकू लावताना काकू म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून, सिस्टर. तुम्ही लगेच ओळखलंत हो."

मी म्हणणार होते, लगेच नाही काकू. तेवढ्यात चार नंबरची बेल वाजली. मी तिळगूळ घेतला, "गोड बोला" म्हणाले आणि गेले.