एमआरपी किती छापणार?

आमचं मेडिकल फलटणमध्ये आहे. बावीस वर्षं झाली, मी काउंटरवर उभी आहे. कोणत्या घरात कुणाला काय दुखणं आहे, कोण कुठल्या तारखेला येणार, हे आता वहीत बघावं लागत नाही. तरीही एक गोष्ट माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले, त्याची रुखरुख अजून जात नाही.

आमच्या आळीतले एक काका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. शुगर जुनी, त्यात हृदयाचं पंपिंग कमी झालेलं. डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन लिहून दिली, १० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. तेव्हा एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची. काका दहाची एक स्ट्रिप न्यायचे. एका दुपारी जुनी बिलं लावताना दिसलं: ४ तारीख, मग २४, मग पुढच्या महिन्यात १४. दहा गोळ्या वीस दिवस पुरत होत्या. पुढच्या खेपेला विचारलं, तर पिशवीची गाठ सोडत-बांधत म्हणाले, "ताई, एकाआड एक घेतो. महिन्याला अठराशे कुठनं आणू?" ईपीएसची, म्हणजे पीएफ खात्याची, पेन्शन किती हातात पडते, हे ज्याच्या घरात एसटीचा माणूस आहे त्याला सांगायला नको.

ही गोळी महाग का होती, याचा मला राग नव्हता. तिच्यामागे फार मोठी वाट आहे. १८३५ साली बेल्जियन रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. त्यानं लघवीतून साखर बाहेर जाते, हे पुढे कळलं. पण ते जसंच्या तसं औषध म्हणून वापरण्यासारखं नव्हतं. किडनी रक्त गाळताना जी साखर परत आत ओढून घेते, तेवढंच अडवणारी गोळी तयार व्हायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. मग २०१५ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह आणि हृदयरोग दोन्ही असलेल्या रुग्णांमध्ये या औषधानं हृदयरोगानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते. शुगरच्या गोळीनं हृदय सांभाळलं! असं काम करणाऱ्यांना त्याचा मोबदला मिळायलाच हवा. आपला कायदाही अर्ज केल्यापासून वीस वर्षांचं पेटंट देतो.

ती वीस वर्षं ११ मार्च २०२५ ला भरली. आता ही गोळी इतर कंपन्यांनाही बनवता येणार होती.

त्या आठवड्यात दुकानात एमआरची, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची, जी रांग लागली, तशी मी आधी कधी पाहिली नव्हती. एरवी दुपारी दोन-तीन जण येतात. त्या दिवसांत सकाळपासून बॅगा काउंटरवर, प्रत्येकाचा वेगळा ब्रँड, आत मूळ औषध तेच. कुणाची गोळी सहा रुपयांच्या आत, कुणाची दहा, कुणाची पंधरा. महिनाभर आधी साठला असलेली वस्तू! रॅकमध्ये जागा उरली नाही. स्टॉकिस्ट फोनवर विचारायचा, "ताई, यातली कुठली पाठवू?"

हे सगळं छान दिसतं, पण काउंटरच्या आतून बघणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. औषधाच्या धंद्यात स्पर्धा नेहमीच असते, फक्त ती रुग्णासाठी असतेच असं नाही. ब्रँड डॉक्टर ठरवतात, पैसे रुग्ण देतो. चिठ्ठीवर जो ब्रँड आहे त्याच्या जागी दुसरा मी माझ्या मनानं देऊ शकत नाही, नियमात ते बसत नाही. म्हणून कंपन्यांची सगळी धाव डॉक्टरांच्या केबिनपर्यंत.

दुसरी धाव माझ्यापर्यंत येते. काही जेनेरिक माल मला पंधरा रुपयांना स्ट्रिप पडतो आणि वर एमआरपी छापलेली असते नव्वद. शिवाय दहावर एक फुकटची स्कीम. नेहमीच्या ब्रँडेड औषधावर मला साधारण वीस टक्के सुटतात, सरकारनं किंमत बांधून दिलेल्या यादीतल्यावर सोळा. मग पंधराची स्ट्रिप नव्वदला विकण्याचा मोह कुणाला होणार नाही? पण ही स्पर्धा माझ्या गल्ल्यासाठी चाललेली असते. स्ट्रिप घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला त्यातला एक रुपया मिळत नाही. असा माल मी ठेवते तेव्हा खरेदीवर माझा खर्च आणि ठरावीक नफा धरून विकते. यावरून केमिस्ट असोसिएशनच्या बैठकीत मला ऐकूनही घ्यावं लागलं आहे.

मार्चमध्ये वेगळं झालं ते इथेच. छापील किंमतच खाली आली. स्ट्रिप उलटी केली की रुग्णाला स्वतः वाचता येत होतं. सरकारी जनऔषधी केंद्रांची ताकदही मला यातच वाटते. २००८ पासून ती योजना चालू आहे आणि तिथे स्वस्ताई पाकिटावर छापलेली असते, दुकानदाराच्या मेहेरबानीवर सोडलेली नसते.

काकांना मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत पाठवलं. सोबत कागदावर तीन ब्रँडची नावं आणि किमती लिहून दिल्या आणि सांगितलं, "एकाआड एक घेत होता हेही सांगा, लपवू नका." डॉक्टर भले माणूस. ऐकून थोडा वेळ गप्प बसले म्हणे आणि स्वस्तातली लिहून दिली. काकांनी चिठ्ठी काउंटरवर हातानं सपाट करून ठेवली. मी तीन स्ट्रिप काढल्या. त्यांनी एकेक उलटून किंमत वाचली, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचली. तिन्ही मिळून दोनशेच्या आत. "तिन्ही आजच?" म्हणाले. मी म्हटलं, रोज एक.

हृदयाचं जे काय व्हायचं ते त्या आठ महिन्यांत किती झालं, हे मला कळणार नाही. बिलं माझ्याच हातची होती.

सेमाग्लुटाइड या शुगरच्या आणि वजन कमी करण्याच्या औषधाच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची. ती भरण्याच्या आधीपासूनच एमआर फ्रिजमध्ये जागा मागायला लागले. कुणी स्कीम सांगितली, कुणी डिस्प्लेचे पैसे. मी वही उघडून प्रत्येकाला एकच विचारलं, पाकिटावर एमआरपी किती छापणार? सहा जण येऊन गेले. आकडा एकानंही सांगितला नाही. त्यांची नावं लिहून पुढची जागा कोरी ठेवली.