शेवटच्या दोन ओळी

५ नोव्हेंबर

बाहेर गाय फॉक्स नाइटचे फटाके वाजतायत आणि आम्ही यॉर्कशायरातल्या या चर्चच्या थंडगार हॉलमध्ये कोट घालूनच वाचन करतोय. आज मराठी रंगभूमी दिन, पण इथे कुणाला सांगणार? मी सांगलीची. मनातल्या मनात नारळ फोडून घेतला.

हौशी मंडळाचा यंदाचा बेत ठरला: जानेवारीत 'अलादीन'चा पँटो (परीकथेवरचं गाण्या-थट्टेचं इंग्रजी नाटक, पूर्ण नाव पँटोमाइम), मे महिन्यात एक फार्स. फार्सचं मे महिन्यात बघू. पँटोमाइम म्हणजे मूकाभिनय, अशा समजुतीने मी तीन वर्षांपूर्वी या मंडळात शिरले होते. इथे मूक असं कुणीच नसतं, प्रेक्षक तर नाहीतच. आधी ठरावीक नाटकगृहांनाच संवाद बोलायची मुभा होती. १८४३च्या कायद्याने ती मक्तेदारी मोडली आणि पँटोची जीभ सुटली. त्याच साली आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. हे कळल्यापासून मला पँटो माहेरचाच वाटायला लागलाय.

काम नेहमीचंच, प्रॉम्प्टरचं.

१४ डिसेंबर

आमची विधवा ट्वांकी, म्हणजे अलादीनची आई, एरवी प्लंबर आहे. सहा फूट उंची, दंडावर गोंदण, वर नारिंगी विग. १८६१च्या एका बर्लेस्कमध्ये, म्हणजे विडंबन-नाटकात, हे नाव एका स्वस्त चहावरून पडलं, ते आजतागायत चिकटलंय. बालगंधर्व स्टेजवर आले की बाईच दिसायचे म्हणतात. इथे उलटं. आतला बाप्या दिसलाच पाहिजे, नाहीतर गंमत गेली. मला तर तमाशातल्या गवळणीतली मावशीच आठवते. तोच पदर सावरायचा आव, तसंच पहिल्या रांगेतल्या एखाद्या बिचाऱ्याला हेरून रात्रभर छळणं. अलादीन मात्र मुलगी करते, मांडीवर थाप मारत. इथे जुनी पद्धतच आहे ती.

लाँड्रीच्या प्रवेशातला फेस करायचं काम माझ्याकडे आलं. डब्यातला फोम डोळ्यांना झोंबतो, म्हणून दाढीच्या साबणाच्या कांड्या किसून पाण्यात घुसळायच्या. ब्लेंडर अर्ध्यात जळला. शेवटी आईने दिलेली रवी काढली. बादलीभर फेस आला, लोण्यासारखा. आता त्या रवीने ताक करायची माझी हिंमत नाही.

१८ जानेवारी, रात्री साडेअकरा

शुभारंभाचा प्रयोग झाला. आधी हे लिहायला हवं की पँटोच्या शेवटच्या दोन ओळी तालमीत कुणी म्हणत नाही. म्हटल्या तर अपशकुन! तिथे आले की सगळे 'ला ला ला' करून पुढे जातात. अडीच महिने त्या ओळी फक्त माझ्या फाइलमध्ये होत्या. (नटराजाला हार घालून तिसऱ्या घंटेची वाट बघणारे आम्ही, त्यांना हसणार कोणत्या तोंडाने?)

प्रयोग दणक्यात झाला. नटाच्या डावीकडून खलनायक आला की हुर्यो, उजवीकडून परी आली की टाळ्या. 'मागे बघ, मागे!' म्हणून पोरांनी घसे बसवले. फेस ट्वांकीच्या कानात गेला. मग लग्न, सगळे ओळीने उभे, संगीत थांबलं आणि अलादीनने तोंड उघडलं.

काही नाही.

तिने विंगेकडे पाहिलं. मी ओळ दिली. तिला ऐकू गेली नाही. पुन्हा दिली, जरा मोठ्याने, माझ्या सांगली इंग्रजीत. ती अलादीनला नाही, पण पहिल्या रांगेतल्या पोरांना ऐकू गेली. संध्याकाळभर स्टेजवरच्यांना सगळं पोरंच सांगत होती, तेव्हा हेही त्यांनी ओरडून सांगितलं. अलादीनने ओळ उचलली. दुसरी मी कुजबुजायच्या भानगडीत पडलेच नाही, सरळ पोरांकडे वळून म्हटली. माझा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच असतो, तो जसाच्या तसा सगळ्या हॉलने म्हटला.

पडदा पडल्यावर ट्वांकी विग काखेत मारून आली आणि म्हणाली, 'उद्याही अशीच दे.'

उद्या अडीचचा खेळ आहे. साबण अजून किसायचाय.