मिलेच्या गंजी

आज मुलीकडून सुट्टी मिळाली (म्हणजे नातवाला सांभाळण्यातून!), तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला जाऊन आले. पाय दुखेपर्यंत फिरले, पण डोक्यात राहिलं एकच चित्र. ज्याँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं, शरद ऋतूतल्या गवताच्या गंजींचं. साधारण 1874 चं. चार ऋतूंच्या चित्रांची मालिका त्याला 1868 मध्ये काढायला सांगितली होती, ती तो सात वर्षं करत होता. जानेवारी 1875 मध्ये गेलाच.

तीन अवाढव्य गंजी. जवळजवळ सगळी चौकट त्यांनीच अडवलेली. पायथ्याशी मेंढ्या, आणि मेंढपाळ इतका लहान की आधी दिसलाच नाही. मागे दूर बार्बिझोन गावाची छपरं. वर पाऊस भरून आलेलं काळपट आभाळ आणि खाली मात्र पिवळं ऊन. सुगी झाली, माणसं घरी गेली, तसली शांतता. उदास म्हणवत नाही मला. दमलेली म्हणीन.

जवळ गेले तर गंमतच. रंग पातळ, मधूनमधून खालच्या अस्तराचा जांभळट गुलाबी रंग तसाच उघडा सोडलेला. मेंढ्यांच्या कडेला रेखाटनाच्या रेघासुद्धा दिसतात. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी "अर्धवट आहे" म्हणून परत पाठवलं असतं.

आणि मला आठवली आमची कडब्याची गंज. पीक निघालं की आजोबा धनगरांना बोलावून रानात मेंढ्या बसवायचे, लेंडीखतासाठी. रात्रभर तो वास घरापर्यंत यायचा.

गार्ड दोनदा म्हणाला, मागे व्हा.