रिवॉर्ड सिस्टिम आयती मिळते, उत्तरं मिळत नाहीत : माझा अनुभव

रोजचं बक्षीस, सलग खेळल्याचा बोनस, लेव्हल पास हे सगळं आता तयार मिळतं. एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं कोडचं तयार किट, गेमला जोडायचा, कॉइन किती द्यायचे ते डॅशबोर्डवर भरायचं. छोट्या गेम स्टुडिओंना मी हेच बसवून देतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एकांचा कुस्तीचा गेम होता : रोज हजेरी लावली की दूध-बदामाचा खुराक, सातव्या दिवशी चांदीची गदा. जोडणी विनासायास झाली. गदा झळकली तसा स्टुडिओवाला म्हणाला, "भावा, नाद खुळा!"

मग आला प्ले स्टोअरचा डेटा सेफ्टी फॉर्म, म्हणजे गेम खेळणाऱ्याची कोणती माहिती घेतो ते सांगायचा फॉर्म. 2022 पासून तो भरावाच लागतो आणि त्यात आत बसवलेला परका एसडीके काय गोळा करतो, तेही आपणच लिहायचं. चुकलं तर गेम आपलाच अडकणार. किटवाल्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं, "आम्ही ग्राहकांच्या प्रायव्हसीला सर्वोच्च प्राधान्य देतो." अहो द्या की, पण फोनचा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्यावरनं फोन ओळखतात तो नंबर, घेता का नाही, तेवढं सांगा! परत तक्रारीचं तिकीट टाकलं, ते आपोआप बंद झालं आणि वर 'आमची सेवा कशी वाटली?' म्हणून पाच तारे. इकडं स्टुडिओवाल्याचा फोन, "दादा, झालं काय?"

शेवटी ॲन्ड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅनिफेस्ट, म्हणजे गेमच्या परवानग्यांची फाइल, उघडून खालच्या 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' टॅबवर गेलो. आपल्या आणि एसडीकेच्या परवानग्या तिथं एकत्र दिसतात. आम्ही न लिहिलेली जाहिरात आयडीची परवानगी तिथं निवांत बसलेली! ॲन्ड्रॉइड 13 पासून ही परवानगी वेगळी मागावी लागते. एसडीकेनं ती आपल्यासोबत परस्पर आणली होती. गेममध्ये जाहिरातीच नव्हत्या, म्हणून ती काढून टाकली. गेम फक्त लहान मुलांसाठी असेल तर ती मागताच येत नाही, हेही ध्यानात ठेवा. स्क्रीनशॉट पाठवल्यावर मात्र खरा माणूस बोलायला आला आणि गोळा होणाऱ्या माहितीची यादी मिळाली. ही यादी पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. नंतर कोण विचारत नाही.

आणि हो, दिवस कधी बदलतो ते तपासा. फोनच्या घड्याळावर सोडलं तर पोरं तारीख पुढं करून गदा पळवतात. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेवर असतं, म्हणजे आपल्याकडं दिवस बदलतो पहाटे साडेपाचला. सोमवारी पाचला आणि मंगळवारी सहाला खेळलेल्या पोराचा मधला दिवस सर्व्हरच्या लेखी बुडाला, गदा गेली. डॅशबोर्डवर टाइमझोन भारताचा करून घ्या. सेटिंग्जमध्ये पार तळाला असतो.