सावली कापता येत नाही

नाण्यांसाठी आणि पदकांसाठी उठावाचं, म्हणजे सपाटीतून वर आलेल्या चित्राचं, काम करते मी. आधी कागदावर पेन्सिल, मग ताटाएवढ्या प्लास्टरवर उठाव, आणि तो लहान करत करत शेवटी पोलादी ठसा.

2024 साली गोंडवनाच्या राणी दुर्गावतीच्या जन्माला पाचशे वर्षं होत होती. नाणं काढणं केंद्र सरकारच्या हातात. पण एका संस्थेला स्मारक नाण्याच्या प्रस्तावासोबत चित्र जोडायचं होतं, म्हणून ते माझ्याकडे आले. व्यास 44 मिलिमीटर. सोबत नमुना म्हणून एक चित्र: घोडा उधळलेला, तलवार उगारलेली. झाशीची राणीच ती, खाली नाव तेवढं बदललेलं.

दुर्गावती शेवटची लढाई लढली ती हत्तीवरून. जून 1564, समोर आसफखानाची मोगल फौज, हत्तीचं नाव सरमन. घोडा बाद. हत्ती काढून पाहिला, तर राणीचा चेहरा तिळाएवढा झाला. मग हत्तीही बाद. नुसता चेहरा घ्यायचा ठरवला.

आधार म्हणून अकबरनामा काढून बसले. तो लिहिणारा अबुल फजल शत्रूच्या, म्हणजे अकबराच्या दरबारातला. पण त्यानंच लिहिलंय, की वाघ आल्याची खबर लागली तर त्याला गोळी घातल्याशिवाय ही बाई पाणी पीत नसे. झालं, माझं चित्र मला सापडलं. डोळे रोखलेले, ओठ कोरडे पडलेले. दोन दिवस त्या ओठांवरच घालवले. फोरबी पेन्सिलीने गालाखाली गडद छटा, टूबीने ओठांवरच्या बारीक भेगा. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं चित्र माझ्या हातून फार दिवसांत उतरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते ठसे कापणाऱ्या मामांपुढे ठेवलं. सगळी हयात पोलादाशी गेलेला माणूस. त्यांनी पुठ्ठ्याला 44 मिलिमीटरचं भोक पाडलं, चित्राची छोटी प्रत त्याखाली सरकवली आणि हात लांब करून बघत राहिले.

"ताई, ही सावली मी कुठून कापू?"

मला कळेना. मग त्यांनी खिशातलं एक नाणं खिडकीशी धरून फिरवलं. उजेड सरकला तशी त्यावरची सावलीही सरकली. "ही उजेड पाडतो. आपण फक्त उंच-सखल करायचं." ओठांवरच्या भेगा बघून म्हणाले, "या पहिल्याच दाबात बुजतील." आणि गाल फार फुगवायचा नाही, कारण पाठीमागे नेमका अशोकस्तंभाचा सिंह येणार, दोन्हीकडे उंची मागितली तर धातू पुरत नाही.

हे सगळं मला ठाऊक नव्हतं असं नाही. चित्राच्या मोहात विसरले होते.

मग दिवसभर नुसतं खोडत बसले. भेगा गेल्या, छटा गेल्या. राहिली दोन ओठांमधली एक रेघ. ती चार वेळा बदलली. चेहरा उजवीकडे पाहणारा ठेवला, म्हणजे उजवी कानशिलं समोर येतात. लढाईत पहिला बाण तिथेच लागला होता. तो तिने स्वतःच्या हाताने उपसून फेकला, टोक मात्र आत राहिलं. दुसरा मानेत. शुद्धीवर आल्यावर लढाई हातची गेलेली पाहून तिने माहुताला, आधारला, आपल्याला मारायला सांगितलं. त्याचा हात धजेना, तेव्हा तिने स्वतःच खंजीर चालवला. यातलं काहीच मी काढलं नाही. कानशिलं फक्त मोकळी ठेवली, केस मागे घेतले.

संध्याकाळी मामांनी पुन्हा भोकातून पाहिलं. कानशिलावर बोट ठेवून म्हणाले, "हा उंचवटा आधी झिजेल बरं."

स्मारक नाणी डबीतच राहतात, ती कुठली झिजायला, असं मी म्हणाले.

"लोक अंगठा फिरवतातच की."

कानशिल केसभर खाली घेतलं आणि चित्र पाठवून दिलं. तासाभरात संस्थेतून फोन आला. चेहरा छान आहे म्हणाले, पण घोडा कुठे गेला?