वी बीस्टी: कोवळ्या धुराची चव

व्हिस्कीच्या बाटलीवर वयाचा 5 आकडा दिसला की नाक मुरडणारे पुष्कळ. 12 चांगली, 18 त्याहून चांगली, हा हिशेब पीटेड स्कॉचला, म्हणजे पीट या दलदलीतल्या मातीसारख्या जळणाची धुरी दिलेल्या सातूच्या व्हिस्कीला, लावला की चुकतो. पिंपात मुरता मुरता पीटचा धूर मवाळ होत जातो आणि लाकडाचा गोडवा वर येतो. धूरच हवा असेल तर कोवळीच घ्यावी. कायद्याने स्कॉच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं राहावी लागते. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या आर्डबेग डिस्टिलरीची वी बीस्टी 5 वर्षांची, 47.4 टक्के अल्कोहोलची, ती 2020 मध्ये बाजारात आली.

पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत धुराचे घटक (फिनॉल) किती, या आकड्यावर मात्र भाळू नये. आर्डबेगचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, 50 पीपीएमच्या आसपासचा, पण हे मोजमाप धुरी दिलेल्या सातूचं असतं, बाटलीतल्या व्हिस्कीचं नाही. फिनॉल भट्टीतून उशिरा उतरतात, त्यामुळे धार कुठे तोडली, म्हणजे उतरणारं मद्य पिंपासाठी घेणं कधी थांबवलं, यावर बरंच अवलंबून असतं. लवकर तोडली तर धूर कमी येतो. फार उशिरा तोडली तर ओल्या पुठ्ठ्याचा, घामट वास येतो, आणि तो कितीही धुराने झाकत नाही.

ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासात 20 मिली ओता आणि 10 मिनिटं हात लावू नका. वाइनसारखा ग्लास घुसळला तर नुसता अल्कोहोलचा भपकाच नाकात जातो. ग्लास हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, मग हळूहळू वर आणा. आधी डेटॉल, डांबर, विझलेल्या चुलीची राख. मिनिटभरात नाक या वासाला सरावतं. तेव्हा स्वतःच्या बाहीचा वास घ्या आणि परत या. आता धुराखालचं शोधायचं: हिरवं नाशपती, लिंबाची साल, भिजवलेलं पीठ. पिठाचा वास कोवळेपणाचा आहे, दोष नव्हे.

पहिला घोट अगदी थेंबभर, फक्त जिभेला सावध करायला. मत बनवायचं ते दुसऱ्यावर: तो दहा सेकंद तोंडात फिरवा. गिळल्यावर धूर आणि खारटपणा रेंगाळला तर माल चांगला. घशात नुसती आग राहिली आणि चव पसार झाली, तर ती व्हिस्की कच्चीच भरलेली.

मग पाणी. 20 मिलीत चहाचा अर्धा चमचा घातलं की 47.4 चे साधारण 42 टक्के होतात. नळाचं नको, क्लोरीनचा वास आणि पीटचा औषधी वास एकमेकांत मिसळून काहीच कळत नाही. पाणी घातल्यावर किंचित गढूळ दिसली तर घाबरू नका. चिल फिल्टर न केलेल्या, म्हणजे थंड करून गाळून न घेतलेल्या, व्हिस्कीतले तेलकट घटक तसे दिसतात. बर्फाने वास बंद होतो. सोडा, लिंबाची फोड घालून, झकास लागतो, पण ते पिणं झालं, चाखणं नव्हे.

एका बैठकीत अनेक चाखायच्या असतील तर पीटेड शेवटी. आधी कच्चा कांदा नको, खोलीत उदबत्ती नको. तुलनेला गोव्याच्या पॉल जॉनची बोल्ड ठेवावी: तीही आयलाच्या पीटवरची, पण गोव्याच्या उकाड्यात पिंप भराभर काम करतं, म्हणून गोडवा धुराच्या अंगावर चढून बसतो.

ग्लास लगेच धुऊ नका. रात्रभर तसाच ठेवून सकाळी हुंगा: अल्कोहोल उडालेला असतो, तळाशी निव्वळ राख आणि धूर.